ओळखीची चोरी व तिच्या राखणीचा खर्च

शेतात पीक उभे राहिले म्हणजे राखण आलीच. हळद शिजवून वाळत घातली की खळ्यावर निजावे लागते, आणि हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांसाठी रात्री जागाव्या लागतात. या राखणीवर किती खर्च करावा हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. राखणदाराची मजुरी मालाच्या मानाने फार होऊ लागली, अथवा राखणदार एका बांधावर बसलेला असून चोर दुसऱ्या बांधाने येत आहे असे दिसले, तर तो ती राखण मोडून टाकतो. हाच साधा हिशेब आज एका निराळ्या वस्तूस लावून पाहण्याची वेळ आली आहे. ती वस्तू म्हणजे माणसाची स्वतःची ओळख.

पूर्वी गावात माणसास ओळखणारा पाटील असे, तलाठी असे, शेजारी असे. आज कर्ज, विमा, धान्य, अनुदान या प्रत्येक ठिकाणी माणसाऐवजी त्याचा आधार क्रमांक, अंगठ्याचा ठसा, सातबारा, पासबुक आणि मोबाईल क्रमांक ओळखला जातो. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. त्यानंतर या साखळीत नवनव्या कड्या जोडल्या गेल्या. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला आहे. त्यात आधार व जमीन यांची सांगड घातलेली असते. सोय झाली यात शंका नाही. तथापि जी वस्तू एवढी उपयोगाची झाली तिला चोरही भेटणारच.

या चोरीपासून संरक्षण देऊ असे सांगणाऱ्या, पैसे घेऊन चालणाऱ्या सेवा आता फोनवर, जाहिरातीत आणि क्वचित बँकेच्या खिडकीवरही विकल्या जातात. वर्षाकाठी त्यांची वर्गणी काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असते. त्या ढोबळमानाने तीन कामे करतात. तुमच्या नावे नवे कर्ज निघाले तर संदेश पाठवतात. तुमचा क्रमांक चोरीच्या याद्यांत आढळल्यास कळवतात. आणि काहींच्या सोबत नुकसानभरपाईचा विमा असतो. हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याने ही वर्गणी भरावी काय, असा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी चोर आपल्याकडे कोणत्या बांधाने येतो ते पाहिले पाहिजे.

पहिला बांध अंगठ्याचा. गावातील बँक प्रतिनिधीकडे यंत्रावर अंगठा ठेवून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम काढता येते. या सोयीने म्हाताऱ्या माणसांची तालुक्याची खेप वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु असे समजा की कळमनुरीकडील एखादी वृद्ध बाई दोन हजार रुपये काढण्यास गेली. हळदीच्या कामाने तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्रापुढील मनुष्य म्हणतो, "आजी, ठसा उमटला नाही, पुन्हा ठेवा." ती पुन्हा ठेवते, तिसऱ्यांदा ठेवते. प्रत्येक वेळी व्यवहार खरोखरच फसला होता की एकदा तो झालाही होता, हे तिला पावतीशिवाय अथवा संदेशाशिवाय कळण्यास मार्ग नाही. संदेश येणार तो मोबाईल पुण्यास असलेल्या मुलाचा, किंवा केव्हाच बंद पडलेला. खरी गोम येथे आहे. बँक खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक आपल्या हाती असणे, यापेक्षा मोठी राखण आजमितीस दुसरी नाही.

ठसा स्वतः न देताही चोरता येतो. शेजारच्या तेलंगणात २०१८ साली एक प्रकरण उघडकीस आले. त्यात जमिनीच्या नोंदणीदस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उतरवून त्यांचे रबरी साचे केले होते आणि त्यांच्या आधारे दुसऱ्यांच्या नावे सिमकार्डे चालू केली होती. खरेदीखत करताना ज्या अंगठ्यामुळे जमीन आपली झाली, तोच अंगठा चोराच्या हाती गेला.

यावरील उपाय आधार प्राधिकरणानेच दिलेला आहे व त्यास काही पडत नाही. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अथवा अधिकृत ॲपवर आपला अंगठा व डोळ्यांची खूण कुलूपबंद करून ठेवता येते. कुलूप असेपर्यंत खरा अंगठाही चालत नाही, मग खोटा कोठून चालणार? मागील सहा महिन्यांत आपला आधार कोठे कोठे वापरला गेला, याची यादीही तेथेच पाहावयास मिळते. मात्र हे कुलूप सरसकट सर्वांस लावण्यास सांगू नये, असे आमचे मत आहे. रास्त भाव दुकानात धान्य अंगठ्यावर मिळते. कुलूप असले तर तेथेही अंगठा नाकारला जातो, आणि ते थोडा वेळ उघडण्यास मोबाईलवर येणारा परवलीचा क्रमांक लागतो. ज्या घरी मोबाईल एकच व तोही दिवसभर रानात, त्या घरच्या आजीचे धान्य कुलपामुळे अडावयाचे. यास्तव ज्यांचे बँकेचे व्यवहार कार्डावर वा सहीवर होतात, अशांनी कुलूप जरूर लावावे. ज्यांचा सर्व व्यवहार अंगठ्यावर आहे त्यांनी आधी मोबाईल क्रमांक नीट जोडून घ्यावा आणि प्रत्येक व्यवहाराची छापील पावती मागण्याची सवय ठेवावी. क्रमांक बदलण्याचे शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. या लेखात ज्यासाठी खुशाल पैसे द्या असे आम्ही म्हणू, असा खर्च बहुधा हाच एक.

दुसरा बांध सातबाऱ्याचा. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. शेतकऱ्याचा उरलेला हिस्सा शासन भरत असे, आणि अर्ज भरणाऱ्या केंद्रास प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत. ज्याचे उत्पन्न अर्जांच्या संख्येवर आहे त्याच्या हाती शेकडो लोकांचे सातबारे व आधार पडले, म्हणजे काय होऊ शकते हे पुढील दोन वर्षांत दिसून आले. दुसऱ्याच्या जमिनीवर, शासकीय जमिनीवर, पेरा नसलेल्या क्षेत्रावर अर्ज भरले गेल्याचे आढळले व ते रद्द करावे लागले. सर्वच केंद्रचालक तसे होते असे नव्हे. बहुतेकांनी भर उन्हात रांगा सांभाळून प्रामाणिकपणे काम केले. परंतु योजनेचे स्वरूप बदलण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला, त्यामागील कारणांत हे बोगस अर्ज होते. खरीप २०२५ पासून शेतकऱ्याने खरिपास विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीस १.५ टक्के व नगदी पिकांस ५ टक्के हिस्सा भरावयाचा आहे.

या चोरीत पैसा वरवर पाहता शासनाचा जातो, म्हणून शेतकरी तिच्याकडे दुर्लक्ष करतो. ते योग्य नव्हे. ज्याच्या गटावर कोणी आधीच अर्ज भरून ठेवला, त्याचा स्वतःचा अर्ज अडकतो, आणि दावा मंजूर झाला तरी रक्कम कोणाच्या खात्यात गेली याचा शोध त्यालाच घ्यावा लागतो. पैसे घेऊन पहारा देणाऱ्या कोणत्याही सेवेला सेनगाव तालुक्यातील तुमचा गट क्रमांक ठाऊक नसतो व पीकविम्याचे दफ्तर ती पाहत नाही. ते पाहावयाचे तर १४४४७ या शासकीय क्रमांकावर विचारावे, अर्जाची पोच जपावी, आणि ई-पीक पाहणी स्वतः उभे राहून करावी.

तिसरा बांध कर्जाचा, व तो सर्वांत खोल आहे. आपला जिल्हा १ मे १९९९ पर्यंत ज्या परभणी जिल्ह्याचा भाग होता, तेथील गंगाखेड येथे २०१७ साली एका साखर कारखान्याच्या संदर्भात गुन्हा नोंदवला गेला. आरोप असा होता की, शेतकऱ्यांच्या कागदपत्रांच्या आधारे, त्यांच्या नकळत, त्यांच्या नावे तीनशे कोटी रुपयांहून अधिक कर्जे निरनिराळ्या बँकांतून उचलण्यात आली. बँकांच्या नोटिसा घरी आल्या तेव्हा अनेकांस आपण कर्जदार असल्याचे कळले. डिसेंबर २०२० मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. दोषादोषाचा निवाडा न्यायालयाचा आहे. त्यात आपण शिरावयाचे कारण नाही. आपण एवढेच विचारावयाचे की, नोटीस येण्यापूर्वी हे कसे कळले असते?

येथे पैसे घेणाऱ्या सेवांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यांचे जे काही खरे काम आहे ते याच बांधावर आहे. बँकेने आपल्या नावे कर्ज दिले की त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या देशात आहेत. सेवा ही नोंद सतत पाहते व बदल होताच संदेश पाठवते. हे उपयोगाचे आहे. परंतु १ जानेवारी २०१७ पासून या चौघींपैकी प्रत्येकीने मागणाऱ्यास वर्षातून एकदा त्याचा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. चौघींकडून निरनिराळ्या तिमाहीत एकेक अहवाल मागवला तर वर्षभर तीन-तीन महिन्यांनी आपली नोंद डोळ्यांखालून जाते व एक पैही लागत नाही. अहवालात न घेतलेले कर्ज आढळले तर तक्रार करावी. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपयांप्रमाणे भरपाई देण्याचा नियमही रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केलेला आहे.

अहवाल बहुधा इंग्रजीत येतो, हीच खरी अडचण. तो वाचून दाखवणे हे ग्रामकार्यकर्त्याचे काम आहे. त्यात दोन गोष्टी पाहाव्या: चालू कर्जखात्यांची यादी, आणि कोणकोणत्या बँकांनी चौकशी केली तिची यादी. आपण कधी पाऊल न टाकलेल्या बँकेचे नाव दिसले म्हणजे सावध व्हावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे कर्ज या अहवालात दिसेलच असे नाही. त्यासाठी गटसचिवाकडे जाऊन आपल्या नावाचा खातेउतारा समक्ष पाहिला पाहिजे. ही खेप कोणतीही कंपनी तुमच्या वतीने करणार नाही.

दुसऱ्याच्या नावे कर्जाचा कागद करण्याची विद्या नवी नाही, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. न वाचता केलेले अंगठे व न समजलेले आकडे त्या कागदांत होते. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने, शेतकऱ्याचा दस्त गावनिबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद केली. आपला भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. परंतु उपायाची दिशा पाहण्यासारखी आहे: कागद कोणासमोर व कसा होतो यावर सार्वजनिक देखरेख ठेवली गेली.

चौथा बांध मोबाईलचा. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाने एक फाईल येते. ती उघडली की फोनमधील संदेश चोरास दिसू लागतात व परवलीचे क्रमांक आपोआप त्याच्याकडे जातात. लाडकी बहीण योजनेची केवायसी करून देतो म्हणून खोटी संकेतस्थळेही निघाली. येथे चोर बांध ओलांडत नाही, आपणच त्यास कडी काढून देतो. म्हणून पैसे घेणाऱ्या सेवेचा येथे उपयोग अगदी थोडा. विमा असला तरी त्याच्या अटीत, स्वतः सांगितलेल्या परवलीच्या क्रमांकामुळे झालेल्या नुकसानीविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचून घ्यावे. आपल्या नावे किती सिमकार्डे चालू आहेत हे मात्र केंद्र शासनाच्या संचार साथी या संकेतस्थळावर मे २०२३ पासून विनामूल्य पाहता येते, व अनोळखी क्रमांक तेथूनच बंद करण्यास सांगता येते.

चोरी झालीच तर पहिला तास मोलाचा. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून बाहेर पडण्यापूर्वी ती गोठवता येण्याचा संभव असतो. नंतर बँकेस लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली व्यापारी बँकांसाठी जुलैत व सहकारी बँकांसाठी डिसेंबरात असे ठरवून दिले की, चूक बँकेची नाही व खातेदाराचीही नाही अशा चोरीत, संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या खातेदारावर काहीही बोजा पडू नये. चार ते सात दिवसांत कळवल्यास तो ठराविक मर्यादेपर्यंतच पडावा. चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर टाकली गेली. जो संरक्षणविमा विकत घ्यावा असे आपणास सांगितले जाते, त्याचा मोठा भाग अशा रीतीने नियमानेच आपल्या पदरात घातलेला आहे. शाखेत "चौकशी करू" एवढेच उत्तर मिळाले व तीस दिवस लोटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागावी. त्यासही शुल्क नाही.

ज्या देशात या सेवा प्रथम फोफावल्या त्या अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथील लाइफलॉक कंपनीच्या प्रमुखाने, आमची राखण एवढी पक्की आहे म्हणून, स्वतःचा सामाजिक सुरक्षा क्रमांक जाहिरातीत छापला. पुढे त्याच क्रमांकावर इतरांनी अनेकदा उचल केली. खोट्या आश्वासनांबद्दल त्या कंपनीस २०१० साली १ कोटी २० लाख डॉलर द्यावे लागले व २०१५ साली पुन्हा १० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. सप्टेंबर २०१८ पासून तेथील कायद्याने पतनोंद गोठवण्याची सोय सर्वांस विनामूल्य केली. आपली मुले-मुली तिकडे नोकरीस असतील तर त्यांस हे पत्राने कळवण्यास हरकत नाही. तेथे वर्गणी भरण्यापूर्वी हे मोफतचे कुलूप लावावे.

तेव्हा पैसे द्यावेत की नाही? ज्याचे एक-दोन बँक खाती, एक पीककर्ज व एक मोबाईल एवढाच व्यवहार आहे, त्याने देऊ नयेत असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्याच्या चार बांधांपैकी तिहींवर हा राखणदार उभाच राहत नाही, आणि चौथ्यावर जे करतो ते वर्षातून चार सकाळी स्वतः करता येते. हिंगोलीच्या वा वसमतच्या हळद बाजारात मोठी उलाढाल असणारा व्यापारी, अनेक क्रेडिट कार्डे बाळगणारा शहरातील नोकरदार, किंवा ज्याचे कागद एकदा खरोखरच चोरीस जाऊन नावे कर्ज निघाले आहे असा मनुष्य, यांचा विचार निराळा. सतत लक्ष ठेवणारी सेवा त्यांच्या काही उपयोगी पडेल. त्यांनीही बँकेत जाऊन, लेखी अटी घेऊनच ती घ्यावी. संरक्षण देतो असे म्हणून फोनवर आधार, पॅन व खाते क्रमांक विचारणारा मनुष्य आपणहून आला, तर कुंपणच शेत खावयास निघाले आहे असे समजावे.

कार्यकर्त्यांनी यासाठी वर्षातून दोन सकाळी ग्रामपंचायतीत बसावे. एक, खरीप विम्याची मुदत संपण्यापूर्वी. दुसरी, एप्रिल-मे मध्ये, हळदीचे पैसे खात्यात येऊ लागतात तेव्हा. येणाऱ्यांनी पासबुक छापून आणावे, बँकेत जोडलेला मोबाईल बरोबर आणावा, आणि आधारची झेरॉक्स कोठे कोठे दिली ते आठवून यावे. बायकांना पाठवण्याविषयी घरोघर सांगावे, कारण जुलै २०२४ पासून ज्या असंख्य खात्यांत दरमहा रक्कम येऊ लागली ती त्यांच्या नावे आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळींच्या खात्यास जोडलेला मोबाईल दुसऱ्याच कोणाच्या खिशात असतो.